लाँग अँड लो: लगाम कधी सोडायचा, किती सोडायचा
पुण्या-मुंबईच्या रायडिंग क्लबांत ड्रेसाज (स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर शिस्तबद्ध चाली करण्याचा प्रकार) शिकणारे बरेच घोडे रेसकोर्सवरून आलेले थरोब्रेड असतात. बिटवर, म्हणजे लगामाला जोडलेल्या तोंडातल्या दांडीवर, भार टाकून पळायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. लगाम ओढला की ते आणखी जोर लावतात. अशा घोड्यांना लाँग अँड लोचं, म्हणजे लगामाशी संपर्क ठेवून मान पुढे आणि खाली लांबवण्याचं, काम फार मानवतं, आणि नेमकं तेच सर्रास चुकीचं केलं जातं. लगाम मोकळा सोडला, घोड्याने नाक जमिनीकडे नेलं, की स्ट्रेचिंग झालं असं धरून चालतात.

यात पाठीला काय मिळतं ते बघायला हवं. कवटीच्या मागून एक जाड, लवचिक अस्थिबंध निघतो, मानेवरून खोगिराच्या पुढे पाठीवर असलेल्या उंचवट्यापर्यंत (विदर्स) येतो आणि पुढे मणक्यांच्या टोकांवरून कमरेकडे जातो. मान पुढे आणि खाली लांबली की हा बंध ताणला जातो, त्या उंचवट्याचे मणके पुढे ओढले जातात आणि पाठ वर उचलली जाते. मात्र मागचे पाय पोटाखाली येत नसतील, पोटाचे स्नायू कामाला लागले नसतील, तर हा सगळा भार पुढच्या पायांवर उतरतो. उभ्या घोड्याचं सुमारे 60 टक्के वजन तसंही पुढेच असतं. पूर्वी टेंडनला इजा झालेला घोडा असेल तर आधी व्हेटला विचारा, मगच हे काम सुरू करा.

सुरुवातीला 10 मिनिटं मोकळा वॉक, म्हणजे साधी चाल. मग 20 मीटरच्या सर्कलवर राइजिंग ट्रॉट, म्हणजे दुडक्या चालीच्या तालावर स्वाराने खोगिरातून उठत-बसत जाणं. लय एकसारखी झाली की आतल्या पोटरीने घोड्याला बाहेरच्या लगामाकडे पाठवायचं. वॉक-ट्रॉटची तीन-चार ट्रान्झिशन्स (एका चालीतून दुसरीत जाणं) केली की बहुतेक घोडे बिट हळूहळू चघळायला लागतात आणि बाहेरच्या लगामात एकसारखं, जिवंत वजन जाणवतं. लगाम द्यायची वेळ हीच. त्याआधी दिलात तर घोडा फक्त निसटतो.

देताना हात पुढे फेकायचे नाहीत. बोटं किंचित सैल करून दोन-तीन सेंटिमीटर लगाम सरकू द्यायचा आणि दोन पावलं थांबायचं. घोड्याने तो स्वतः घेतला, संपर्क तसाच राहिला, तर पुढचे दोन-तीन सेंटिमीटर. लगाम लोंबला तर देणं थांबवा, पोटरी लावा आणि तो पुन्हा बिटपर्यंत येईस्तोवर वाट बघा.

किती खाली? एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) नियमांत याचं माप आहे: तोंड साधारण खांद्याच्या टोकाच्या रेषेपर्यंत यावं. नाक उभ्या रेषेच्या थोडं पुढे असावं. याहून खाली गेल्याने जास्त फायदा होत नाही. बहुतेक घोड्यांचा तोल तिथेच जातो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे मान खाली, पण नाक छातीकडे वळलेलं. लांबून हे छान गोल दिसतं. प्रत्यक्षात घोडा बिटपासून पळत असतो आणि मान लांबण्याऐवजी आखूड झालेली असते. ड्रॉ रेन (बिटमधून ओवलेला, डोकं खाली ओढणारा जादा लगाम) लावून खाली आणलेल्या घोड्यांत हे हमखास दिसतं. जबरदस्तीने मान अशी वाकवणं अमान्य असल्याचं एफईआयने 2010 मध्येच जाहीर केलं आहे. उपाय म्हणजे हात जरा वर घ्यायचा आणि घोड्याला पुढे पाठवायचं.

लगाम हिसकावणारा घोडा वेगळा. त्याचे दात, खोगीर आणि पाठ तपासून घ्या. तिथे काही नसेल तर स्वाराचा हात आधीपासून आवळलेला असतो. घोडा पळायला लागला तर सर्कल 15 मीटरचं करा आणि तुमचं उठणं-बसणं सावकाश करा, मान वर ओढू नका. आणि स्वाराने मानेकडे बघत पुढे झुकायचं नाही. गुडघे आवळले जातात, टाच वर येते, आणि तुमचं वजन नको तिथेच पडतं.

एक-दोन सर्कल पुरेत. रेसवरून नुकत्याच आलेल्या घोड्याला अर्धं सर्कल जमलं तरी त्या दिवशी तिथेच थांबा. अर्धा तास मान खाली ठेवून फिरवणं मला अजिबात पटत नाही. तेवढ्या वेळात पाठ दमते आणि घोडा पुढच्या पायांवर रेलतो.

लगाम परत घेणंही तितकंच महत्त्वाचं. पोटरी लावून, ट्रॉटची लय न मोडता, एकेक करत लगाम आखूड करायचे. एफईआयच्या पाच वर्षांच्या घोड्यांच्या टेस्टमध्ये हे स्ट्रेचिंग असतं, आणि लगाम परत घेताना घोड्याने तोंडात किंवा कानांमागे विरोध करू नये अशी अपेक्षा असते. या क्षणी डोकं वर फेकून पाठ खाली गेली, तर आधीच्या सर्कलवर तो लांबलाच नव्हता. अशा वेळी पुन्हा खाली सोडण्यापेक्षा ट्रान्झिशन्सकडे परत जा आणि बाहेरच्या लगामातलं ते वजन मिळेपर्यंत तिथेच राहा.