नाक कुठं पळालं?

समितीचा निरोप व्हॉट्सॲपवर आला: अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेबद्दल चार शब्द लिहून पाठवा. चार शब्द कसले, डोक्यात एकच आला, तोही इंग्रजी. आणि त्याच्यामागून इंग्रजीचे सर आले. सर म्हणजे कोण, हे आपल्याला सांगायला नको. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गणिताच्या बाईंचेही माझ्यावर उपकार आहेत, पण ते पुन्हा कधीतरी.

आठवी ब, पावसाळा, मधल्या सुट्टीनंतरचा तास. कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली शिपाईमामांनी बादली ठेवलेली. धड्यातल्या मुलाला सर्दी झाली होती, 'हिज नोज वॉज रनिंग'. सरांनी अर्थ सांगायला मला उठवलं. मी ठणकावून सांगितलं, "त्याचं नाक पळत होतं."

वर्ग फुटला. मागून कोणीतरी "धरा, धरा!" म्हणून ओरडलं. (ओरडणारा आज महोत्सव समितीत आहे, म्हणून नाव लिहीत नाही.) सर हसले नाहीत. दंगा ओसरेपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले आणि मग मलाच विचारलं, "स्टँडवर तासगावची गाडी लागली, म्हणजे काय झालं?"

"फलाटावर आली, सर."

"आणि त्याच गाडीत बसल्यावर तुझ्या आजीला गाडी लागली, म्हणजे?"

"उलटी झाली."

"आता समज, इथं एक इंग्रज मराठी शिकायला बसलाय. त्याला 'लागणे' म्हणजे आदळणे एवढंच ठाऊक. तो काय म्हणेल? म्हातारीला गाडीनं उडवलं, न्या सिव्हिलला!"

मग सगळा वर्गच सुटला. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, झोप लागते, नोकरी लागते, नळाला तोंड लागतं, आंब्याला पाड लागतो, तो माझा मामा लागतो. सर लिहीत गेले, फळा भरला. खडू ठेवून म्हणाले, "हे तुम्हाला कुणी शिकवलं? कुणी नाही. मग याचं नाक इंग्रजीत पळालं तर एवढं हसायला काय झालं?"

मी अजून उभाच होतो. बस म्हणायचं सर विसरले होते, आणि मलाही बसावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच्या पैशानं शंभर पानी वही आणली. रोज कुणीतरी 'रन'चं एक वाक्य आणायचं, ते वहीत उतरवायचं काम माझं. सांगलीची पोरं, सुरुवात क्रिकेटपासूनच. विजय हजारे आपल्या सांगलीचे, 1915 चा जन्म. 1948 साली ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतकं, 116 आणि 145. सर हे आकडे पाढ्यासारखे म्हणायचे. "हे झालं नाम, आता क्रियापदाकडे चला," असं म्हणून पुढं ढकलायचे.

मग काय, दुकान चालतं तिथं रन, एस.टी. दर तासाला सुटते तिथं रन, कृष्णा गावाशेजारून वाहते तिथंही रन. ताप आला तरी रन. आजोबांचं टक्कल बापाला आणि बापाचं पोराला आलं, तर ते घराण्यात रन होतं. निवडणुकीचं वाक्य आलं तेव्हा सरांनी गंमत सांगितली. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला धावतो, इंग्लंडात उभा राहतो. आपल्याकडेही उभाच राहतो, आणि निवडून आला की बसतो.

माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी. एकदा त्यांच्या धोतराबरोबर माझा गणवेशाचा सदरा भिजला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे सांगलीकरांना माहीत आहे. प्रार्थनेच्या रांगेतून मला बाहेर काढलं गेलं. वर्गात सरांनी सदऱ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "द कलर हॅज रन. लिही वहीत."

आणि तो दिवस! लिहिता लिहिता खडू संपला. सर वळून म्हणाले, "वी हॅव रन आउट ऑफ चॉक." 'रन आउट' ऐकल्याबरोबर सत्तावन्न पोरांनी अंपायरसारखं बोट वर केलं. सर दोन मिनिटं टेबलाला धरून हसत होते.

दहावीपर्यंत वही 112 वाक्यांवर आली. निरोपसमारंभाला सरांनी ती मला दिली.

आज मी पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासणीच्या विभागात आहे. हाताखाली बावीस जण, दोनदा परदेशी जाऊन आलो. दिवसातून पन्नास वेळा 'रन केलं का?' असं ऐकतो. सरांना हे फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "प्रोग्राम पळतो कुठं?" मी म्हटलं, "जागच्या जागी, सर." "मग 113 वं झालं."

2011 साली वाचनात आलं, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी 'रन' या एका क्रियापदाचे 645 अर्थ निघाले. 1989 च्या वीस खंडांत 'सेट' पहिला होता, 430 अर्थांचा. त्याला 'रन'नं मागं टाकलं. रात्री साडेनऊला सरांना फोन केला. पलीकडे थोडी शांतता. "645? आपण 112 वर थांबलो. आळशी बॅच तुमची."

2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आमच्या गावभागातल्या घराचा खालचा मजला पाण्यात. कपाट उघडलं तेव्हा वहीचा लगदा झाला होता. सर नंतरही दर दिवाळीला विचारायचे, "वही आहे ना?" मी "आहे" म्हणायचो. शेवटपर्यंत खरं सांगणं जमलं नाही.

परवा शाळेत गेलो होतो. कौलं गेली, मैदानावर पेव्हर ब्लॉक आले, आठवी ब सेमी-इंग्रजी झाली. मुलं छान इंग्रजी बोलतात. त्यांचं नाक पळत नाही. मला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

नवी वही केली आहे. आठवून आठवून 61 वाक्यं झाली, पहिलं खडूचं. आमच्या बॅचमधल्या कुणाला आणखी आठवत असतील, तर समितीकडे माझा नंबर आहे.