मंगळवारच्या रात्रीचा पास्ता
आज कार्यालयातून घरी पोहोचेपर्यंत पावणेआठ वाजले होते आणि धाकटी भुकेने रडवेली होऊन ओट्यापाशीच उभी होती, म्हणून पोळी-भाजीचा बेत बाजूला ठेवून मी पास्ता केला. २०० ग्रॅम पास्त्यासाठी २ लिटर पाणी उकळत ठेवले आणि तेवढ्या वेळात लोण्यावर ठेचलेला लसूण, ३ टोमॅटोंचा रस आणि बारीक किसलेले गाजर शिजवून घेतले. तिखट अजिबात घातले नाही. पाकिटावर ड्युरम गहू, म्हणजे आपल्या बन्सीच्याच जातीचा गहू, लिहिलेला आहे ना, हे मी नेहमी पाहते, कारण मैद्याच्या पास्त्याचा पटकन लगदा होतो. नवव्या मिनिटाला एक तुकडा दाताखाली तोडून पाहिला, तेव्हा मधला पांढरा ठिपका जवळजवळ नाहीसा झाला होता. निथळण्यापूर्वी वाटीभर पाणी काढून ठेवले होते, ते टोमॅटोच्या रश्शात घातले. त्यात उतरलेल्या पिष्टामुळे रस्सा प्रत्येक तुकड्याला छान लपेटून राहतो. वरून थोडे चीज किसताच धाकटीने गाजरासकट सारे संपवले. थोरल्याने उरलेला पास्ता उद्याच्या डब्यासाठी मागून ठेवला आहे. सकाळी तो घट्ट झालेला असेल, तेव्हा दोन चमचे दूध घालून गरम करीन.