चर्चमध्ये कुकरची शिट्टी

शनिवार, 18 ऑक्टोबर

दुपारी स्कॉटलंडमधल्या रेस्टन स्टेशनवर उतरले. दादा गाडी घेऊन आला होता. त्याचं गाव म्हणजे एक लांबट रस्ता आणि दोन्ही बाजूंना दगडी घरं, संपलं. पण चर्च मात्र दोन! एवढ्याशा गावाला दोन कशाला, विचारलं तर म्हणतो, "एक देवाचं, एक माझं."

त्याचं जे आहे, म्हणजे जुन्या चर्चचं केलेलं घर, ते बाहेरून धान्याच्या कोठारासारखं दिसतं, फक्त खिडक्या उंच आणि टोकदार कमानीच्या. भिंती काळसर दगडाच्या, कोपऱ्यांना लालसर वालुकाश्म. तिकोनी भिंतीच्या शेंड्यावर घंटेची दगडी चौकट आहे, घंटा कधीच गेली. मी मात्र बॅग हातात धरून छप्परच बघत बसले. आपण शाळेत लिहायचो त्या पाटीच्या दगडाचं छप्पर. पन्हळीजवळ मोठ्या पाट्या आणि आढ्याकडे जावं तसतशा लहान लहान होत गेलेल्या. ही स्कॉटलंडची जुनी रीत. खाणीतून बारकी-मोठी येईल ती पाटी वापरायची, मोठ्या खाली, कारण पाणी तिथे जास्त. शिवाय पाट्या थेट लाकडी फळ्यांवर ठोकलेल्या. एखादी वाऱ्याने उडाली तरी खाली फळी असतेच. आजोळी कौल सरकलं की धार थेट ताटात.

"तू काय पाहून राहिली वर? आत चल, गारठशील," दादा म्हणाला. पुण्यात राहून माझं नागपुरी गेलं, हा मात्र इथे येऊनही तसाच.

रविवार, 19 ऑक्टोबर, रात्री

आज दिवसभर टेप घेऊन घरभर फिरले. वहिनी हसत होती, पण घरांचे नकाशे काढणाऱ्या बाईला सुट्टी नसते.

दोन चर्चचं कोडं सुटलं. मे 1843 मध्ये एडिंबराला चर्चची महासभा भरली होती. गावाचा पाळक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने, हा वाद वर्षानुवर्षं धुमसत होता. शेवटी कित्येक पाळक सभेतून उठून चालते झाले, आणि एकूण चारशेहून जास्त पाळकांनी ते चर्च सोडलं. पगार, राहतं घर, चर्च, सगळ्यावर पाणी सोडून. त्यांनी 'फ्री चर्च' काढलं आणि चार-पाच वर्षांत सातशेच्या आसपास नवी चर्च उभी केली. काही जमीनदारांनी जागाच दिली नाही. स्ट्रॉन्शियन नावाच्या गावातल्या लोकांनी तर लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेतलं आणि खाडीत नांगरून ठेवलं! पुढे 1900 आणि 1929 अशा दोन टप्प्यांत बहुतेक मंडळी पुन्हा एक झाली, आणि गावोगावी एकेक इमारत जास्तीची ठरली. त्यातलीच एक दादाच्या वाट्याला.

गंमत पुढे आहे. दादा शिकला नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात. ते स्टीफन हिस्लॉप याच फ्री चर्चचे मिशनरी, 1845 ला नागपुरात पोचलेले, आणि त्यांचं जन्मगाव डन्स इथून गाडीने अर्ध्या तासावर. दादाला पत्ताच नव्हता. तीन वर्षं कॉलेजच्या कँटीनमध्ये काढल्यावर दुसरं काय होणार.

आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "आवारात थडगी नाहीत ना रे?" नाहीत. आणि त्याचं कारणही 1843 च. बाहेर पडलेल्यांनी जुनं चर्च सोडलं, त्याबरोबर दफनभूमीही तिकडेच राहिली. ऐकून आईचा जीव भांड्यात पडला.

आतली मूळ रचना अजून कळते. ही जागा प्रवचन ऐकायची. समोर उंच व्यासपीठ, तीन बाजूंनी ओतीव लोखंडाच्या बारीक खांबांवर सज्जा. नक्षी जवळजवळ नाही. आता सज्जावर झोपायच्या खोल्या आहेत आणि व्यासपीठाच्या जागी स्वयंपाकघर. बाकांच्या पाठीच्या फळ्या कपाटांना दारं म्हणून लावल्यात. माझ्या खोलीतल्या दारावर पितळी 27 आहे. कोणा कुटुंबाची ठरलेली जागा असणार. हात लावला तर कड बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली.

आधीच्या मालकाने एक पाप केलंय. सज्जा पुढे वाढवून नवा पोटमाळा केला, त्यात दक्षिणेची उंच खिडकी आडवी कापली गेली. खाली दिवाणखान्यात तिचे पाय, वर न्हाणीघरात डोकं. दात घासताना समोर अर्धी कमान. जमीन खिडकीपासून हातभर मागे थांबवली असती तर काय बिघडलं असतं? उजेड वरपासून खालपर्यंत सलग उतरला असता. संरक्षित इमारत असल्यामुळे आता हे उलटं करायलाही कौन्सिलची परवानगी.

उरलेल्या खिडक्यांची तऱ्हा वेगळी. खालची कड माझ्या खांद्याच्या वर. बसलं की फक्त आभाळ. प्रवचन चालू असताना कोणी रस्त्यावरची मेंढरं बघत बसू नये, म्हणून असेल. वहिनी म्हणते तीन वर्षांत तिला बसल्या जागेवरून शेजारी दिसलेला नाही. तिला याचा त्रास होतो, दादाला कळतसुद्धा नाही.

आणि थंडी. ऊब सगळी आढ्याकडे पळते. जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकल्यात म्हणून पाय तरी शेकतात. दादा सज्जावर बनियनवर बसतो, खाली वहिनी शालीत.

संध्याकाळी सहालाच सूर्य मावळला. उद्या पहिली आंघोळ, म्हणून आकाशकंदील लावायचा होता. भिंतीत खिळा ठोकायची दादाची हिंमत होईना. शेवटी सज्जाच्या खाली जुन्या दिव्याचा लोखंडी आकडा सापडला, त्याला टांगला. वरणाचा कुकर लावला होता. पहिली शिट्टी झाली आणि मी दचकलेच. लाकडी छतापर्यंत जाऊन ती परत आली, गोल, भरलेली. 1883 पर्यंत फ्री चर्चच्या उपासनेत वाद्य चालत नसे, नुसत्या गळ्याने स्तोत्रं म्हणायचे. या छताखाली ती कशी वाटत असतील ते त्या शिट्टीने कळलं. दादाने मुद्दाम दुसरी होऊ दिली, तिसरीही. वरणाचा लगदा झाला.

आता साडेअकरा. समोरच्या सज्जावरून वहिनीचा आवाज आला, अगदी हळू, तरी कानाशी बोलल्यासारखा. "ताई, झोपा आता. तुमची पानं उलटलेली इथे ऐकू येतात."