कातळशिल्पं बघायला दुपारी जाऊ नका

कोकणात कातळशिल्पं, म्हणजे उघड्या खडकात कोरलेली जुनी चित्रं, बघायला जाणार असाल तर सकाळी सातला जा नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. ऊन तिरकं असलं की कोरलेल्या रेघेत सावली बसते आणि चित्र वर येतं. दुपारी सूर्य डोक्यावर असला की सगळा सडा, म्हणजे वरचा सपाट उघडा कातळ, एकसारखा काळपट तांबूस, आणि ती रेघ म्हणजे तरी काय, कुठे दोन बोटं खोल तर कुठे तेवढीही नाही. बाबा हे ठाण्यापासून घोकत होते. तरीही आम्ही ऐन मे महिन्यात दुपारी दीडला सड्यावर उभे होतो, कारण आमच्या नवरोबांना हॉटेलचा फुकटचा ब्रेकफास्ट सोडवेना.

ट्रिप खरं तर बाबांसाठी होती. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. रिटायर झाल्यापासून त्यांना या कातळशिल्पांचं वेड लागलंय, पेपरातली कात्रणं काय, व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड काय. नवऱ्याला समुद्र हवा होता. म्हणून मग आधी गणपतीपुळे. तिथलं काही लिहीत नाही, दर्शनाची रांग, पार्किंगवरून भांडणं, मोदक मात्र छान. आरे-वारेचा रस्ता सुंदर आहे पण दर वळणावर कोणीतरी गाडीच्या टपावर बसून रील काढत होतं.

तर कशेळी. गावात कनकादित्याचं मंदिर आहे, सूर्याचं, तिथे लोक जातात, बस भरून येतात. त्याच कशेळीच्या सड्यावर अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलाय हे मंदिरात आलेल्या निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. अठरा मीटर म्हणजे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो आडवा मावणार नाही. आणि त्या हत्तीच्या पोटात आणखी पुष्कळ छोटे प्राणी, मासे वगैरे. बाबा काठाकाठाने फिरत होते आणि मधेच थांबून म्हणाले, अगं, ज्याने हे काढलं त्याने हे पूर्ण कधी पाहिलंच नसणार. तो चित्राच्या आत उभा राहून काढत होता. आपल्याला ड्रोनचा फोटो बघून कळतं की हा हत्ती, त्याच्याकडे कुठला ड्रोन. फळ्यावर हत्ती काढताना मुलांचं सोंड आणि पायाचं प्रमाण चुकतं, आणि याने अठरा मीटरवर ते सांभाळलं कसं? मला त्याचं उत्तर सुचलं नाही आणि नवरा तोपर्यंत एसी लावून गाडीत बसला होता.

माहिती म्हणून सांगते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग ते गोवा या पट्ट्यातल्या सड्यांवर अशी हजाराच्या वर चित्रं सापडली आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून विचारून ती शोधली. 2022 साली त्यातल्या नऊ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेल्या, आठ आपल्याकडच्या आणि एक गोव्यातली. वय नक्की ठरलेलं नाही, पण काही हजार वर्षं जुनी तर आहेतच. चित्रांत प्राणी आहेत, मासे आहेत, माणसं आहेत, पण शेतीचं काही नाही, म्हणून ती शेती सुरू व्हायच्या आधीची असावीत असं अभ्यासक म्हणतात. चवे देऊड गावच्या सड्यावर तर चक्क एकशिंगी गेंडा आहे. कोकणात गेंडा! आणि ज्याने काढलाय त्याने तो बघितल्याशिवाय काढला असेल असं बाबांना अजिबात वाटत नाही.

पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ते यातल्या कुठल्याच जागेवर घडलं नाही. राजापूरकडे जाताना चहाला थांबलो, तिथल्या माणसाने बाबांची उत्सुकता बघून सांगितलं की अमक्या वाडीच्या वरच्या सड्यावर पण आहेत, बोर्ड-बिर्ड काही नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे येईलच. गाडी वाडीत लावून वर चढलो. चढ फार नाही पण मे मधला जांभा, म्हणजे इथला तांबडा दगड, तापला की चपलेच्या तळव्यातून चटका लागतो, आणि सावली म्हणाल तर एक वाकडं झाड. आम्ही अर्धा तास तो कातळ तुडवला. काहीच दिसेना. दिसायचे ते खड्डे, भेगा आणि वाळलेलं गवत. नवऱ्याचं "मी सांगत होतो" चालू झालं. बाबा मात्र गुडघ्यावर बसून हाताने चाचपत होते.

एवढ्यात खालून एक बाई आल्या, कमरेवर कळशी, पुढे दोन-तीन शेळ्या. साठीच्या असाव्यात. आमच्याकडे बघून थांबल्या.

"कुनी सांगितलान तुमाला हितं याला? हितं काय हाय, सगला कातल."

मी म्हटलं, मावशी, चित्रं बघायला आलोय.

त्या हसल्या. "चित्रांवरच हुबे हाव तुमी." आणि नवऱ्याला हाताने सरळ बाजूला केलं.

मग त्यांनी झाडाखालची एक वाळकी डहाळी घेतली आणि तिने तिथली माती, लेंड्या, गवत असं सगळं झाडायला लागल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या राहू दे बाय, हात भाजंल. झाडून झालं तरी मला एखाद-दुसरी रेघ सोडून काही कळेना, आणि ते त्यांना माझ्या तोंडावरून समजलं असावं. कारण त्यांनी कळशी तिरकी केली आणि पाणी त्या रेघेत सोडलं.

पाणी रेघेतून धावत गेलं. कोरडा जांभा ओला झाला की एकदम काळा होतो, तशी ती रेघ काळी होत होत पुढे सरकत होती, एका टोकाला वळली, रुंद झाली, परत आत आली आणि मागे एक लांबच लांब शेपूट निघालं. बाबा म्हणाले पतंग! मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की विचारू नका.

"पाकट हाय तो. शेपटी बगा की. खाडीत गावतो, आमी खातो."

आणि खरंच पाकट. एकदा सांगितल्यावर दुसरं काही दिसूच शकत नाही. त्याच्या बाजूला त्यांनी अजून थोडं पाणी ओतलं तर एक हरणासारखं काहीतरी, आणि पलीकडे दोन पावलं, माणसाची, शेजारी शेजारी. बाबांनी खिशातली वही काढून तिथेच उन्हात बसून स्केच केलं, पाणी वाळायच्या आत. वाळायला वेळ लागतच नव्हता, ओली बाजू बघता बघता परत तांबडी व्हायची आणि मावशी परत थोडं ओतायच्या.

मला तेव्हा लक्षात आलं की आपण काय करतोय. मे महिना आहे. वाडीत येताना घरांबाहेर निळे ड्रम लायनीत लावलेले बघितले होते, टँकरची वाट बघणारे. एवढा पाऊस पडून कोकणात उन्हाळ्यात ही परिस्थिती, जांभ्यात पाणी ठरतच नाही. आणि ही बाई खालच्या विहिरीवरून चढून आणलेलं पाणी आमच्यासारख्या ओळख ना पाळख लोकांना मासा दाखवायला दगडावर ओततेय. मी म्हटलं मावशी पुरे, पाणी कशाला. तर म्हणाल्या, शेल्यांचा हाय, आनीन परत. शेळ्या तिकडे माझ्याकडे बघत होत्या, खोटं नाही सांगत. आमच्याकडे गाडीत मिनरल वॉटरचा अख्खा बॉक्स पडला होता. नवरा, आणि हे त्याच्या बाजूने लिहितेय, काही न बोलता खाली गेला आणि तो बॉक्स खांद्यावर टाकून वर घेऊन आला. मावशींना त्याची फार गंमत वाटली. बाटल्या त्यांनी ठेवून घेतल्या, पैसे मात्र काही केल्या घेतले नाहीत, उलट खाली घरी नेऊन कोकम सरबत दिलं आणि जाताना फणसाची साठं बांधून दिली. हॉटेलात आम्ही रात्रीचे पाच हजार मोजत होतो आणि तिथे गरम पाण्यासाठी रिसेप्शनला तीनदा फोन करायला लागायचा.

मावशी म्हणाल्या की लहानपणी त्या यावरच बसून डबा खायच्या. पांडवांनी एका रात्रीत काढली असं त्यांची आजी सांगायची. आता मधूनमधून कोण कोण येतात. मागे काही पोरं आली होती त्यांनी फोटो चांगला यावा म्हणून एका चित्राच्या रेघेत पांढरा रंग भरला, ऑइलपेंट. ते आम्ही बघितलं. अजून आहे. ज्या रेघेने इतक्या हजार वर्षांचे पावसाळे काढले तिच्यात कुठल्यातरी रीलसाठी डबाभर रंग. म्हणून गावाचं नाव देत नाहीये, आणि कृपा करून पिन मागू नका, दोन मैत्रिणी ऑलरेडी रुसल्यात.

आणि सड्याच्या पलीकडच्या टोकाला चिरेखाण, घरं बांधायला जांभ्याचे चिरे कापतात ती. मशीनचा आवाज तिथपर्यंत येत होता. चिरे काढून काढून कातळाला चौकोनी खड्डा पडलाय आणि तो दर वर्षी इकडे सरकतोय असं मावशींचं म्हणणं. त्या खाणीवर त्यांचा मुलगा कामाला आहे, त्यामुळे त्या पुढे काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. माझ्या सासरचं घर चिऱ्याचंच आहे. तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उक्षी. ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी उक्षीला जा. कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, तिथेही एक हत्ती कोरलाय, गावानेच पुढाकार घेऊन त्याच्याभोवती गोल कठडा बांधलाय, सकाळच्या उन्हात हत्ती स्वच्छ दिसतो आणि तुम्ही कोणाच्या पोटावर उभे नसता. नवऱ्याला तो आवडला. कशेळीचा "साइज जास्त आहे पण हा दिसतो तरी" हे त्याचं परीक्षण.

बारसू राहिलं. रिफायनरीच्या आंदोलनामुळे नाव सगळ्यांनी ऐकलंय, तिथल्या सड्यावर मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना दोन वाघ असं चित्र आहे, आणि बाबांना ते प्रत्यक्ष बघून काढायचंय. नवरा म्हणाला होता की पुढची सुट्टी केरळ. बाबांनी परस्पर तुतारी एक्सप्रेसची तीन तिकिटं काढायचं ठरवलंय, पावसाळा संपला की, आणि हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.