यंत्रमाग साठा-नोंदणी, टप्पा ४: परवानग्यांची मराठी

जँगो ५.२ (पायथनमधली वेब-चौकट) वरच्या आपल्या सोलापुरी साठा-नोंदणीत या वेळी एकाच प्रश्नावर घोळ होता: परवानग्यांची मराठी नावं डेटाबेसात साठवायची, की फक्त पडद्यावर दाखवायची? ठरलं ते दुसरं.

मायग्रेट (डेटाबेस अद्ययावत करणारी आज्ञा) चालवलं की दर मॉडेलमागे (म्हणजे दर प्रकारच्या नोंदीमागे) अ‍ॅड, चेंज, डिलीट, व्ह्यू अशा ४ परवानग्या तयार होतात (व्ह्यू २.१ आवृत्तीपासून आली). चादर, टॉवेल, सूत, पाठवणी यांच्या १६, आणि नव्या प्रकल्पात जँगोच्या स्वतःच्या २४. म्हणजे ४० ओळी. प्रत्येकीचं कोडनेम ही तिची ओळख, हॅज_पर्म (परवानगी आहे का हे विचारणारं फंक्शन) तेच तपासतं. सोबतचं नाव निव्वळ वाचणाऱ्यासाठी, आणि ते भाषांतर न करताच साठवलं जातं. त्यामुळे अ‍ॅडमिनच्या यादीत मॉडेल मराठीत आणि पुढचं ‘कॅन अ‍ॅड’ इंग्रजीत, अशी खिचडी दिसते.

व्हर्बोज_नेममध्ये (मॉडेलचं वाचायचं नाव) थेट ‘चादर’ लिहून गेटटेक्स्टला (भाषांतराची यंत्रणा) फाटा द्यावा, अशी एक सूचना होती. सोपी, पण महागात पडणारी. नंतर शब्द बदलला तरी जुनी ओळ तशीच राहते, कारण मायग्रेट नसलेली परवानगी तयार करतं, असलेलीचं नाव पुन्हा लिहीत नाही. शिवाय तेलुगू आणि कन्नड सोलापुरात लागणारच, तेव्हा मूळ शब्दच मराठी असणं अडचणीचं.

आता फक्त पडद्यावर मराठी दाखवण्यासाठी मॉडेलमल्टिपलचॉइसफील्डचा (अनेक पर्याय निवडायच्या रकान्याचा) उपवर्ग करून त्यात लेबल_फ्रॉम_इन्स्टन्स (पर्यायाची पाटी ठरवणारं फंक्शन) बदललं आहे, आणि तो फॉर्मफील्ड_फॉर_मेनीटूमेनीमधून फॉर्म_क्लास म्हणून दिला आहे. गट आणि वापरकर्ता, दोन्हींच्या अ‍ॅडमिनला हे करावं लागतं. ‘पाठवणी मंजूर’सारखी स्वतःची परवानगी मॉडेलच्या मेटामध्ये गेटटेक्स्ट_लेझीने (दाखवतानाच भाषांतर करणारं फंक्शन) लिहिली तर मेकमेसेजेसला (भाषांतरायचे शब्द गोळा करणारी आज्ञा) सापडते. मायग्रेट भाषांतर बंद ठेवून चालतं, त्यामुळे डेटाबेसात मूळ इंग्रजीच जातं.

खरी कसरत व्याकरणाची. चादर जोडली, टॉवेल जोडला, सूत जोडलं: एका साच्यात तीन लिंगं बसत नाहीत. ‘ची’ लावून पाहिलं तर ‘चादरची’ होतं, हवं असतं ‘चादरीची’. सामान्यरूप गेटटेक्स्टला कळत नाही. म्हणून मॉडेलचं नाव आधी, मग विसर्गासारखी दोन टिंबं, आणि क्रियापद कायम ‘नोंद’शी जुळवलेलं: ‘चादर: नोंद जोडली’. थोडं रुक्ष वाटतं, पण चुकत नाही. पर्मिशनला ‘परवानगी’, ग्रुपला ‘गट’. ‘अनुमती’ बाद, ती कारखान्यात कोणी बोलत नाही. डिलीटवर अजून एकमत नाही. तूर्त ‘काढून टाका’.

फझी (अंदाजाने जुळवलेल्या, तपासायच्या) नोंदींकडे डोळ्यात तेल घालून पाहा. ‘पाठवणी मंजूर’ असताना ‘पाठवणी रद्द’ नवी आली, की मूळ इंग्रजी वाक्यं सारखी म्हणून मेकमेसेजेस पहिल्याचं भाषांतर दुसरीला चिकटवतं. कंपाइलमेसेजेस (भाषांतरं वापरायोग्य करणारी आज्ञा) फझी नोंद वगळतं, म्हणून इंग्रजी दिसतं. तेवढ्यावर वैतागून कोणी न वाचता फझीची खूण काढली, की रद्द करण्याच्या परवानगीवर ‘मंजूर’ अशी पाटी लागते. साध्या बटणावर हे हसून सोडता येईल, परवानगीच्या यादीत नाही.

जॉबरला (शेडमधल्या मागांवर देखरेख करणारा) फक्त आपल्या शेडचा साठा दिसावा, हे अजून बाकी. हॅज_पर्मला ऑब्जेक्ट (एखादी विशिष्ट नोंद) दिला की जँगोचं मूळ बॅकएंड (परवानगी तपासणारा भाग) मॉडेलची परवानगी असलेल्यालाही नकार देतं. सुपरयूजरला (सगळ्या परवानग्या असलेलं खातं) मात्र होकारच मिळतो, तेव्हा त्या खात्यातून केलेली चाचणी धरू नका. वेगळं बॅकएंड लिहायला घेतलं आहे. चाचणीत परवानगी दिल्यावर वापरकर्ता डेटाबेसातून नव्याने आणा. रिफ्रेश_फ्रॉम_डीबीने परवानग्यांचा कॅश (आधीच वाचून ठेवलेली प्रत) पुसला जात नाही.