बैठकीची नोंद : १४०वा दिवस, आकडा वाढला म्हणून रडलो त्याची गोष्ट

रोज ध्यानाला बसायचं आणि मन किती वेळा भटकलं ते मोजायचं, हा माझा प्रयोग. साठाव्या दिवशीच्या नोंदीत, मन उलट जास्तच भटकतंय म्हणत मी हात टेकले होते. आज ते अर्धे मागे घेतो.

पद्धत तीच. उठल्या उठल्या २० मिनिटं, नाकपुडीपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. मन भटकलंय हे लक्षात आलं की बोटात अडकवलेल्या छोट्या काउंटरचं बटण दाबायचं आणि परत श्वासावर यायचं. ही कल्पना माझी नाही. २०१२ साली मेंदू-संशोधक वेंडी हासेनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी १४ ध्यान करणाऱ्यांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारं यंत्र) झोपवून अगदी हेच करायला सांगितलं होतं. मन भरकटलेलं असताना मेंदूतलं 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' जागं होतं, म्हणजे काही काम नसताना आपल्याच विचारांत रमणारा भाग. 'अरे, मी भलतीकडेच गेलो' हे कळण्याच्या क्षणी मात्र दुसरंच जाळं पेटलं, काय महत्त्वाचं आहे ते टिपणारं. लक्ष परत वळवताना तिसरंच. म्हणजे ज्याला आपण 'मन लागत नाही' म्हणतो, त्यात निदान तीन वेगळी कामं आहेत.

आता माझे आकडे. पहिल्या आठवड्यात एका बैठकीला ५-६ वेळा बटण. साठाव्या दिवसाच्या आसपास २८, ३०, एकदा ३४. दोन महिने घासून मन सहापट उनाड झालं, असाच हिशेब मी केला आणि पाच दिवस बसलोच नाही.

चूक नंतर ध्यानात आली. सुरुवातीला मी पाच वेळाच भटकत होतो असं नव्हे. पाच वेळाच सापडत होतो. एकदा गेलो की चार-चार मिनिटं पत्ता नसायचा, जुन्या भांडणाची अख्खी सुनावणी होऊन निकालही माझ्याच बाजूनं लागायचा. आता वादीनं तोंड उघडलं की बटण दाबलं जातं. आता आकडा १८-२०वर आलाय, आणि हे उतरणं मला चढण्यापेक्षा जास्त खरं वाटतं. (अर्थात बटण दाबायची हावही सुटते. मधल्या काळात मी भटकण्याची वाट बघत बसायचो. ते आकडे बाद धरा.)

बैठकीबाहेर काय? वाचताना. पूर्वी पानाच्या तळाशी गेल्यावर कळायचं की डोळे फिरले, डोक्यात काही गेलं नाही. आता तिसऱ्या-चौथ्या ओळीत कळतं. रागावर मात्र शून्य परिणाम, घरच्यांची साक्ष काढून सांगतो.

'मेंदू बदलला का?' हा प्रश्न मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारला. मीही त्याच आमिषानं बसलो होतो. २०११च्या एका गाजलेल्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस (सजगतेचं ध्यान) वर्गानंतर हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी निगडित भागातल्या, करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली होती, पण वर्गाच्या गटात माणसं १६च. २०२२मध्ये अमेरिकी मेंदू-संशोधक रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटानं २००हून जास्त लोकांवर तोच आठ आठवड्यांचा वर्ग तपासला, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, आणि मेंदूच्या रचनेत फरक सापडला नाही. विशेष म्हणजे डेव्हिडसन हे ध्यानाचे जुने पुरस्कर्ते. रचना न बदलता काम करण्याची रीत बदलू शकते, हे वेगळं. पण 'आठ आठवड्यांत नवा मेंदू' असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

किरकोळ : मांडी सोडून खुर्चीवर आलोय, पायाला मुंग्या येणं बंद. संध्याकाळची बैठक दोनदा करून पाहिली, दोन्हीदा झोपलो.

पुढचे दहा दिवस काउंटर कपाटात. मग तीन दिवस परत लावून आकडा बघेन. ३०च्या वर गेला तर कबूल करीन की मी ध्यान नाही, बटण शिकलो होतो.