माती टाकलेली शेकोटी

बामणोलीच्या पुढं, कोयनेच्या पाण्याकाठी मी तंबू लावतो. थंडीत येणारा प्रत्येक ग्रुप गाडीतून उतरल्या उतरल्या एकच विचारतो, "दादा, शेकोटी आहे ना?"

त्या दिवशी पुण्याची दोन कुटुंबं होती. त्यातल्या साहेबांना कोकणातली सवय. भरतीच्या रेषेखाली जाळ करायचा, समुद्र सकाळपर्यंत राखसुद्धा नेतो, म्हणाले. तिथं असेल. आमच्याकडं भरती नाही. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी पावसाळा सरला की उतरत जातं ते पार जूनपर्यंत. पाण्याला लागून केलेली शेकोटी महिन्याभरात कोरड्यावर उघडी पडते, राखेसकट. पलीकडच्या काठाला तर कोयना अभयारण्य. जंगलाला धोका होईल असा जाळ तिथं करणं किंवा पेटता सोडून येणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

म्हणून आमची जागा ठरलेली. तंबूंपासून वीस पावलं, वारा तंबूंकडून येतो त्या बाजूला, भोवतीचं गवत खरडून काढलेलं. लाकूड विकतचं. काठावरचे गोटे गोल मांडायची लोकांना भारी हौस, पण ते मी मांडू देत नाही. पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो आणि कपची डोळ्यात जाते.

एवढं सगळं सांभाळून चूक केली ती मीच. रात्री साडेअकराला साहेब म्हणाले, "तुम्ही झोपा, आम्ही विझवतो." मी बादली दाखवली आणि जाता जाता बोलून गेलो, "नाहीतर माती टाका." त्यांनी टाकली. चांगली थापून.

सकाळी उजाडायला त्यांची सहा वर्षांची पोरगी अनवाणी पाण्याकडं पळाली ती थेट त्यावरून. किंकाळी ऐकून मी धावलो. वरची माती दवानं गार होती, पण तिचा पाय पडला तिथं खचली होती. नंतर उकरलं तर चार बोटांखाली निखारे लालभडक. आमची आजी रात्री निखारे राखेत पुरून ठेवायची, सकाळी काडी न ओढता चूल पेटायची. हे लहानपणापासून बघितलेलं, आणि मी लोकांना सांगतोय माती टाका!

कुणीतरी टूथपेस्ट आणली. ती बाजूला ठेवायला लावली, बर्फही नको म्हणालो. घड्याळ लावून वीस मिनिटं पायावर साधं पाणी ओतत राहिलो. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड आला होता. मग ओलं फडकं गुंडाळून कासवरून साताऱ्याला, दवाखान्यात. वाटभर साहेब एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता शेकोटी मीच विझवतो. पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, परत ओतायचं. शेवटी हाताची मागची बाजू राखेवर धरून बघायची. ऊब लागली तर आणखी एक बादली.

गेल्या आठवड्यात एक पोरगा म्हणाला, "दादा, विझली की कधीच, चिखल करताय नुसता." मी काठी त्याच्या हातात दिली. दुसऱ्या ढवळ्याला खालून वाफ आली. तो मुकाट्यानं बादली भरायला गेला.